निःशब्द मनाचा कर्मयोगी : श्री अरविंद

१९ जानेवारी १९०८. मुंबईच्या महाजनवाडीत मोठा जनसमुदाय जमला होता. सुरत काँग्रेसमधील फुटीला महिनाही झाला नव्हता आणि राष्ट्रीय पक्षाचे बंगालमधील तरुण नेते अरविंद घोष यांचे विचार ऐकण्यासाठी श्रोते उत्सुक होते. मात्र व्यासपीठावर उभ्या राहणाऱ्या वक्त्याच्या मनात त्या क्षणी एकही विचार नव्हता. भाषणाची टिपणे नव्हती, मुद्दे नव्हते, इतकेच नव्हे तर नेहमीप्रमाणे विचार करणारे मनच जणू थांबले होते. काही दिवसांपूर्वी बडोद्यात एका महाराष्ट्रीय योग्याच्या मार्गदर्शनाखाली केलेल्या ध्यानाचा तो परिणाम होता. आता बोलायचे कसे, हा प्रश्न त्यांनी त्याच योग्याला विचारला. श्रोत्यांना नमस्कार करावा आणि वाट पाहावी, शब्द आपोआप येतील, असे उत्तर मिळाले. अरविंदांनी तसेच केले आणि शब्द आले.

योगसाधनेने मन शांत होते, हे आपण नेहमी ऐकतो. परंतु अशी शांती लाभलेल्या माणसाने कामे करावीत कशी, ही शंकाही तितकीच जुनी आहे. श्री अरविंदांचे आयुष्य या शंकेचे एक प्रदीर्घ उत्तर आहे. ते उत्तर सभेत, तुरुंगाच्या कोठडीत आणि लेखनाच्या मेजावर तपासून पाहिले गेले. त्याची किंमतही मोजावी लागली.

अपोलो बंदरावरील पहिली खूण

अरविंदांचा जन्म १५ ऑगस्ट १८७२ रोजी कोलकाता येथे झाला. वडील कृष्णधन घोष हे नामांकित डॉक्टर होते. मुलांवर भारतीय संस्कारांची छायाही पडू नये, अशी त्यांची इच्छा होती. त्यामुळे १८७९ मध्ये, वयाच्या सातव्या वर्षी, अरविंदांना भावंडांसह इंग्लंडला पाठविण्यात आले. मँचेस्टर, लंडन आणि केंब्रिज येथे त्यांचे शिक्षण झाले. ग्रीक आणि लॅटिन या भाषांवर त्यांनी असामान्य प्रभुत्व मिळविले. सनदी सेवेची लेखी परीक्षा ते उत्तीर्ण झाले, परंतु घोडेस्वारीच्या चाचणीस ते हजर राहिले नाहीत आणि ते दार बंद झाले. त्याच सुमारास बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड लंडनमध्ये होते. त्यांनी या तरुणाला आपल्या सेवेत घेतले.

६ फेब्रुवारी १८९३ रोजी अरविंद मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरले. चौदा वर्षांनंतर मायदेशी पाऊल ठेवताच आपल्यावर एक विशाल शांतता उतरली आणि ती पुढे कित्येक महिने टिकली, असे त्यांनी नंतर नमूद केले आहे. तेव्हा योग म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नव्हते. ही शांतता त्यांनी मागितली नव्हती, तिच्यासाठी साधनाही केली नव्हती. तिचा अर्थ उलगडण्यास पुढे पंधरा वर्षे लागली.

बडोद्यातील तेरा वर्षांत ते महसूल खात्यापासून महाविद्यालयातील अध्यापनापर्यंत अनेक कामे करीत राहिले. संस्कृत, बंगाली, मराठी आणि गुजराती या भाषा ते इथेच शिकले. केंब्रिजमधील मित्र के. जी. देशपांडे यांच्या आग्रहावरून त्यांनी मुंबईच्या ‘इंदुप्रकाश’मध्ये तत्कालीन काँग्रेसच्या मवाळ धोरणावर टीका करणारी लेखमाला लिहिली. १९०१ मध्ये त्यांचा विवाह मृणालिनी देवी यांच्याशी झाला.

प्राणायामाचा काळ

योगाकडे अरविंद वळले ते मुक्तीच्या ओढीने नव्हे. देशकार्यासाठी शक्ती मिळावी, हा त्यांचा हेतू होता. संसार सोडायला लावणारा योग आपल्याला नको, अशी त्यांची प्रारंभीची धारणा होती. चांदोदजवळ नर्मदाकाठी राहणाऱ्या स्वामी ब्रह्मानंदांचे एक शिष्य, देवधर नावाचे अभियंते, यांच्याकडून त्यांनी १९०४ च्या सुमारास प्राणायामाची माहिती घेतली आणि दररोज अनेक तास अभ्यास सुरू केला.

त्याचे परिणाम त्यांना जाणवले. पूर्वी महिन्याकाठी कवितेच्या दोनशेच्या आसपास ओळी होत. आता तितक्याच ओळी अर्ध्या तासात लिहून होऊ लागल्या, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. प्रकृती सुधारली, बुद्धी तल्लख झाली. परंतु त्यापुढे काही घडेना. १९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशी चळवळीने पेट घेतला. १९०६ मध्ये बडोद्याची मोठ्या पगाराची नोकरी सोडून अरविंद दरमहा दीडशे रुपयांवर कोलकात्यातील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. ‘वंदे मातरम्’ या इंग्रजी दैनिकातील त्यांच्या लेखांनी देशभर खळबळ माजविली. कामाच्या रगाड्यात प्राणायामाचा नेम मोडला आणि पाठोपाठ गंभीर आजारपण आले. साधना थांबली. पुढची वाट दाखविणारा कुणीतरी हवा होता.

बडोद्यातील तीन दिवस

डिसेंबर १९०७ मध्ये सुरत काँग्रेस गोंधळात उधळली गेली. लोकमान्य टिळकांच्या नेतृत्वाखालील राष्ट्रीय पक्ष वेगळा झाला. त्यानंतर अरविंद बडोद्यास गेले. त्यांचे धाकटे बंधू बारींद्र यांनी ग्वाल्हेरला तार करून विष्णु भास्कर लेले या योग्यांना बोलावून घेतले होते. खासेराव जाधव यांच्या घरी दोघांची भेट झाली. लेले मोठे पंडित नव्हते किंवा त्यांचा शिष्यसंप्रदायही नव्हता. विद्वत्तेत अरविंद त्यांच्याहून कितीतरी पुढे होते. तरीही युरोपातील ज्ञान पचविलेला हा नेता त्यांच्यासमोर निःशंकपणे शिष्य म्हणून बसला.

सरदार मजुमदार यांच्या वाड्यातील वरच्या मजल्यावरील एका खोलीत दोघे सर्वांपासून दूर राहिले. लेले यांनी सांगितलेली पद्धत अगदी साधी होती. स्वस्थ बसावे आणि मनाकडे पाहावे. नीट पाहिल्यास विचार आत निर्माण होत नसून बाहेरून येत आहेत, असे दिसेल. आत शिरण्यापूर्वीच ते परतवून लावावेत.

विचार बाहेरून येतात, ही कल्पना अरविंदांना नवी होती. मात्र ती खरी की खोटी, याचा काथ्याकूट त्यांनी केला नाही. ते बसले, त्यांनी पाहिले आणि खरोखरच एकामागून एक विचार बाहेरून येताना त्यांना दिसले. त्यांनी ते परतवून लावले. तीन दिवसांत मन संपूर्ण निःशब्द झाले. केवळ विचार थांबले एवढेच घडले नाही. भोवतालचे जग एखाद्या चित्रासारखे भासू लागले आणि त्यामागे एक निराकार, निश्चल सत्ता तेवढी खरी, असा अनुभव आला.

विशेष म्हणजे गुरू आणि शिष्य या दोघांनाही हे अपेक्षित नव्हते. लेले भक्तिमार्गी होते. शिष्याला ईश्वराचे सगुण प्रेम लाभावे, असा त्यांचा प्रयत्न होता. अरविंदांना देशकार्यासाठी बळ हवे होते. प्रत्यक्षात मिळाला तो निर्गुण ब्रह्माचा अनुभव, ज्यात देश, कार्य आणि कर्ता हे सारेच छायेसारखे वाटावे. राजकीय नेत्यापुढे यापेक्षा मोठा पेच कोणता असू शकेल?

हृदयातून उमटलेला मंत्र

याच अवस्थेत अरविंदांचा महाराष्ट्राचा दौरा झाला. पुणे आणि मुंबईनंतर नाशिक, धुळे, अमरावती, नागपूर अशा ठिकाणी त्यांनी भाषणे केली. लेले पुण्या-मुंबईला त्यांच्या सोबत होते. मुंबईत एका मित्राच्या घराच्या सज्जातून खालची वर्दळ पाहताना ते सारे शहर पडद्यावरील चित्रासारखे दिसले, अशी आठवण त्यांनी नोंदवून ठेवली आहे. तरीही या दौऱ्यातील भाषणे विस्कळीत किंवा उदासीन नव्हती. वृत्तपत्रांनी टिपून ठेवलेले त्यांचे वृत्तांत आज वाचले तरी त्यांतील जोश जाणवतो. अमरावतीच्या सभेत त्यांनी ‘वंदे मातरम्’ या शब्दांकडे केवळ गीत म्हणून न पाहता एक मंत्र म्हणून पाहण्याची दृष्टी श्रोत्यांना दिली. बोलणारे मन शांत होते. वाणी दुसऱ्याच कुठून तरी येत होती, असे त्यांचे सांगणे आहे. त्यानंतरचे आपले सारे बोलणे आणि लिहिणे याच रीतीने झाले, असेही त्यांनी म्हटले आहे.

मुंबईत निरोपाच्या वेळी आणखी एक प्रसंग घडला. लेले पुढील साधनेसाठी सूचना देत होते. त्यापूर्वी अरविंदांनी आपल्या हृदयात आपोआप उमटलेल्या एका मंत्राविषयी त्यांना सांगितले होते. सूचना देता देता लेले मध्येच थांबले. ज्याने हा मंत्र दिला त्याच्यावर संपूर्ण विसंबून राहता येईल का, असे त्यांनी विचारले. अरविंदांनी होकार दिला. मग आपल्या सूचनांची गरज उरत नाही, असे सांगून लेले यांनी गुरूची भूमिका तिथेच संपविली. शिष्याला आपल्याशी बांधून न ठेवणारा हा गुरू भारतीय योगपरंपरेच्या इतिहासात वेगळा उठून दिसतो.

अर्थात दोघांचे संबंध इतक्या सरळपणे संपले नाहीत. काही आठवड्यांनी लेले कोलकात्यास आले, तेव्हा सकाळ-संध्याकाळ ध्यानाला बसता का, असे त्यांनी विचारले. अरविंदांनी ठरावीक वेळचे ध्यान सोडले होते, कारण ध्यान अखंड चालू असल्याचे त्यांना जाणवत होते. लेले यांना मात्र शिष्य भरकटला, कोणा दुष्ट शक्तीच्या आहारी गेला, असेच वाटले. दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. तरीही लेले यांचे ऋण अरविंदांनी आयुष्यभर मोकळेपणाने मान्य केले.

अलिपूरची कोठडी

३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे खुदिराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी एका बग्गीवर बॉम्ब टाकला. न्यायाधीश किंग्जफोर्ड हे लक्ष्य होते. प्रत्यक्षात दोन इंग्रज स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. २ मे रोजी पहाटे पोलिसांनी अरविंदांना अटक केली. बारींद्र आणि त्यांचे अनेक साथीदारही पकडले गेले. राजद्रोहाच्या कटाचा आरोप होता आणि शिक्षा फाशीचीही होऊ शकत होती.

अलिपूरच्या तुरुंगात अरविंदांना एकांतवासाच्या कोठडीत ठेवण्यात आले. कोठडी नऊ फूट लांब आणि पाच-सहा फूट रुंद होती. तिला खिडकी नव्हती. अंथरायला घोंगड्या आणि जेवण, पिणे, अंघोळ अशा सर्व कामांसाठी एकच वाडगा. या दिवसांचे वर्णन त्यांनी पुढे ‘काराकाहिनी’ या बंगाली लेखमालेत मिस्कील शैलीत केले आहे.

परंतु त्याच लेखनात एक प्रांजळ कबुलीही आहे. निःशब्द मनाचा अनुभव घेतलेल्या या साधकाला एकांतवासाच्या सुरुवातीच्या दिवसांत आपले मन आवरेनासे झाले होते. एका दुपारी विचार इतके बेफाम झाले की आपली बुद्धी भ्रष्ट होते की काय, अशी भीती त्यांना वाटली. त्यांनी कळवळून ईश्वराला हाक मारली आणि हळूहळू शांती पसरली. कोठडीत वेळ घालविण्यासाठी ते मुंग्यांकडे पाहत बसत. काळ्या मुंग्या लाल मुंग्यांना मारताना दिसल्या, तेव्हा त्यांनी लाल मुंग्यांना वाचविण्याचा प्रयत्न केला, असेही त्यांनी लिहिले आहे. आंतरिक शांती एकदा मिळाली म्हणजे कायमची हाती आली असे नसते, ती पुन्हा पुन्हा मिळवावी लागते, हे या पानांतून वाचकाला उमगते.

गीता आणि उपनिषदे त्यांना घरून मिळाली. गीतेचे वाचन हे त्यांच्यासाठी पाठांतर राहिले नाही. त्यातील समत्व जगण्याचा तो प्रयोग झाला. बडोद्यात जग छायेसारखे भासले होते. अलिपूरमध्ये तेच जग ईश्वराने भरलेले दिसू लागले. तुरुंगाच्या भिंती, चोर-दरोडेखोर कैदी, न्यायाधीश, सरकारी वकील या सर्वांत वासुदेवच आहे, असा अनुभव आल्याचे त्यांनी सुटकेनंतर ३० मे १९०९ रोजी उत्तरपाडा येथील भाषणात सांगितले. शून्याच्या अनुभवातून ते पूर्णतेच्या अनुभवाकडे आले होते. निर्गुण शांती आणि कर्म यांतील पेच त्यांच्यापुरता इथे सुटला.

बाहेर मात्र मृत्यू घिरट्या घालत होता. माफीचा साक्षीदार झालेल्या नरेन गोसाईं याची ३१ ऑगस्ट १९०८ रोजी तुरुंगातच कन्हाईलाल दत्त आणि सत्येंद्रनाथ बोस यांनी हत्या केली आणि दोघेही फासावर गेले. खटल्यात दोनशेहून अधिक साक्षीदार तपासले गेले. चित्तरंजन दास यांनी अरविंदांची बाजू लढविली. न्यायाधीश बीचक्रॉफ्ट हे सनदी सेवेच्या परीक्षेतील त्यांचे समकालीन होते. ६ मे १९०९ रोजी अरविंद निर्दोष सुटले. बारींद्र यांना फाशीची शिक्षा झाली. पुढे तिचे रूपांतर जन्मठेपेत होऊन त्यांची रवानगी अंदमानला झाली.

पाँडिचेरी आणि मौनाची किंमत

सुटकेनंतर अरविंदांनी ‘कर्मयोगिन्’ साप्ताहिक काढले. पुन्हा अटकेची चिन्हे दिसू लागताच फेब्रुवारी १९१० मध्ये ते फ्रेंचांच्या ताब्यातील चंद्रनगरला गेले आणि ४ एप्रिल १९१० रोजी पाँडिचेरीस पोहोचले. तेथून ते परत आले नाहीत. हा पळ होता की पुढचे पाऊल, असा प्रश्न त्यांच्या समकालीनांनाही पडला. १९२० मध्ये टिळकांचे सहकारी जोसेफ बॅप्टिस्टा यांनी मुंबईहून निघणाऱ्या वृत्तपत्राचे संपादकपद स्वीकारण्याची विनंती केली. त्याच वर्षी नागपूरच्या डॉ. मुंजे यांनी काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद देऊ केले. दोन्ही निमंत्रणे त्यांनी नम्रपणे नाकारली.

या निर्णयाची सर्वांत मोठी किंमत मृणालिनी देवींनी मोजली. पतीच्या देशकार्यामुळे त्यांना संसारसुख फारसे लाभले नव्हते. १९१० नंतर दोघांची भेट झाली नाही. डिसेंबर १९१८ मध्ये पाँडिचेरीस जाण्याची तयारी सुरू असताना इन्फ्लुएंझाच्या साथीत कोलकात्यात त्यांचे निधन झाले. श्री अरविंदांच्या शांतीची कथा सांगताना ही वेदना वगळता येत नाही.

पाँडिचेरीतील चाळीस वर्षे निष्क्रिय मात्र नव्हती. १५ ऑगस्ट १९१४ रोजी त्यांनी ‘आर्य’ हे मासिक सुरू केले. ‘दिव्य जीवन’, ‘योगसमन्वय’ आणि गीतेवरील निबंध ही त्यांची प्रमुख ग्रंथसंपदा त्याच मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. ‘सावित्री’ हे सुमारे चोवीस हजार ओळींचे महाकाव्य त्यांनी अखेरपर्यंत पुन्हा पुन्हा लिहून काढले. साधनेच्या दैनंदिन नोंदी ते एखाद्या प्रयोगशाळेतील संशोधकाप्रमाणे ठेवीत. त्यांच्या पश्चात प्रकाशित झालेल्या या नोंदींत यशाइतकेच अपयशही नमूद आहे. मीरा अल्फासा १९२० मध्ये पाँडिचेरीत कायमच्या वास्तव्यास आल्या. साधक त्यांना माताजी म्हणू लागले. २४ नोव्हेंबर १९२६ नंतर श्री अरविंद एकांतात गेले आणि आश्रमाची धुरा माताजींनी सांभाळली.

एकांतातूनही साधकांशी त्यांचा संवाद पत्रांद्वारे सुरू राहिला. १९३० च्या दशकात ते रात्र-रात्र जागून पत्रांना उत्तरे देत. मन शांत होत नाही, ही तक्रार त्या पत्रांत वारंवार येई. त्यावर त्यांचे उत्तर बडोद्यातील त्या खोलीची आठवण करून देणारे होते. विचारांशी झगडू नये. ते आपले नाहीत असे समजून त्यांच्यापासून अलग व्हावे आणि साक्षीभावाने पाहावे. वरून शांतीला आवाहन करावे आणि ती उतरू लागली की घाई करू नये. मंत्राविषयीही त्यांचे मार्गदर्शन स्पष्ट होते. केवळ ओठांनी केलेल्या जपाचा फारसा उपयोग नाही. अर्थाचे भान ठेवून जप केला, किंवा मंत्र हृदयातून स्वतःच उमटू लागला, तर तो फलदायी होतो. आसन आणि प्राणायाम यांचा त्यांनी सर्वांना आग्रह धरला नाही. स्वतःच्या आजारपणाचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

स्वातंत्र्याची पहाट

देशाच्या घडामोडींपासूनही ते पूर्णतः अलिप्त नव्हते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी नाझीवादाविरुद्ध दोस्त राष्ट्रांना जाहीर पाठिंबा दिला. १९४२ मध्ये क्रिप्स योजना स्वीकारावी, असा सल्ला त्यांनी आपला दूत दिल्लीस पाठवून काँग्रेस नेत्यांना दिला. तो मानला गेला नाही. १५ ऑगस्ट १९४७ रोजी, त्यांच्या पंचाहत्तराव्या वाढदिवशी, भारत स्वतंत्र झाला. आकाशवाणीच्या तिरुचिरापल्ली केंद्राच्या विनंतीवरून त्यांनी लिहिलेला संदेश आदल्या दिवशी प्रसारित करण्यात आला. स्वातंत्र्याचा आनंद व्यक्त करतानाच फाळणीचे दुःखही त्यांनी त्यात मांडले आणि भारताची एकता, आशियाचे पुनरुत्थान, मानवजातीचे ऐक्य, जगाला अध्यात्माचे दान आणि मानवी चेतनेची पुढची पायरी ही आपली स्वप्ने सांगितली.

५ डिसेंबर १९५० रोजी पहाटेपूर्वी त्यांचे देहावसान झाले. ९ डिसेंबर रोजी आश्रमाच्या प्रांगणात त्यांना समाधी देण्यात आली. आजच्या पुद्दुचेरीतील त्या समाधीपाशी येणारे लोक काही काळ शांत बसतात आणि आपापल्या कामाला निघून जातात.

श्री अरविंदांच्या जीवनाचा मथितार्थ यातच सामावला आहे. शांती हे त्यांच्यासाठी कामापासून मिळालेले विश्रांतिस्थान नव्हते, तर कामाचा पाया होता. महाजनवाडीच्या व्यासपीठावर, बोलण्यासाठी एकही शब्द हाती नसताना, नमस्कार करून वाट पाहण्याचे धैर्य त्यांनी दाखविले. पुढील बेचाळीस वर्षे ते त्याच धैर्याने जगले.